लोकनायक बापूजी अणे : बसणे आणि उठणे



घरातले वडीलधारे माणूस गेले म्हणजे तेराव्याला चार आप्तइष्ट ओसरीवर बसतात आणि गेलेल्याची आठवण काढतात. कोणी म्हणतो, बाबा गावचे सरपंच होते. कोणी म्हणतो, सोसायटीचे चेअरमन होते. कोणी म्हणतो, पलटणीत होते, छातीवर बिल्ले होते. कोणी म्हणतो, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग पाहिलेले होते. हे सारे खरे असते, सांगण्याजोगेही असते. पण कोपऱ्यात बसलेला नातू ऐकतो आणि मनात म्हणतो, सरपंच आता दुसरा आहे, चेअरमन दुसरा आहे, बिल्ले कपाटात आहेत. मग आबाजींचे माझ्याजवळ राहिले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर त्या बैठकीत बहुधा मिळत नाही. मंडळी चहा घेतात, टोपी झटकतात आणि आपापल्या वाटेने जातात.

आजचे निरूपण ह्या नातवाच्या प्रश्नावर करावयाचे योजिले आहे. लढलेल्या, थकलेल्या आणि घरादारात राहून देह ठेवलेल्या वृद्धाचे स्मरण करावे कसे? दृष्टांतासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलाच एक वृद्ध पुरुष डोळ्यांसमोर घेऊ. त्यांचे नाव माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना बापूजी म्हणत, आणि 'लोकनायक' ही पदवी त्यांच्या नावामागे लोकांनीच लावली.

बापूजींचा जन्म वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी झाला. घर विद्येचे, संस्कृताचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण झाले. पुढे वकील होऊन ते यवतमाळास आले आणि लोकमान्य टिळकांचे अनुयायी म्हणून त्यांनी वऱ्हाडात काम उभे केले. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ते सभासद होते. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांची नेमणूक झाली. १९४३ पासून १९४७ पर्यंत ते सिलोनात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. घटना समितीत ते बसले. १९४८ पासून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल झाले. ऐंशीच्या उंबरठ्यावर नागपुरातून लोकसभेत गेले. १९६८ साली पद्मविभूषण जाहीर झाले, आणि त्याच वर्षी २६ जानेवारीस, प्रजासत्ताकाच्या दिवशी, सत्त्याऐंशी वर्षांच्या ह्या वृद्धाने देह ठेवला.

आता पाहा बरे. हे जे सांगितले, ते कशासारखे झाले? तेराव्याच्या ओसरीवरच्या बोलण्यासारखेच झाले. इथे बसले, तिथे बसले, अमक्या खुर्चीवर बसले. ही झाली बसण्याची यादी. माणूस मोठा असला म्हणजे यादी लांब, लहान असला म्हणजे आखूड, एवढाच काय तो फरक. परंतु बापूजींच्या आयुष्याला दुसरीही एक यादी आहे. ती उठण्याची यादी. कोठून कोठून उठले, केव्हा उठले, कोणासाठी उठले. नातवाच्या हाती द्यावयाची शिदोरी ह्या दुसऱ्या यादीत आहे, असे आमचे म्हणणे आहे.

वारकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वारीत मुक्काम असतो. राहुटी ठोकतात, चूल मांडतात, जागा झाडून घेतात, दोन घटका अशी बसतात की जणू सात पिढ्यांचे घर. आणि पहाटे तुतारी झाली की दोर सुटतात, राहुट्या उतरतात, चूल विझते आणि दिंडी चालू लागते. एखाद्या मुक्कामी झाडाची सावली गोड लागली, विहिरीचे पाणी गोड लागले, म्हणून कोणी म्हणाला, 'मी आता इथेच राहतो,' तर त्याला कोणी वाईट म्हणणार नाही. पण त्याला पंढरी दिसणार नाही. मुक्कामावर नीट बसावे आणि वेळ झाली की नीट उठावे, ही वारीची रीत. प्रपंचाचीही रीत तीच. फरक एवढाच, की वारीत तुतारी ऐकू येते. प्रपंचात ती ज्याची त्यानेच ऐकावयाची असते.

बापूजींनी ती केव्हा केव्हा ऐकली, ते आता पाहू.

१९३० साल. महात्मा गांधी दांडीला मीठ उचलावयास गेले आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. पण आमच्या वऱ्हाडाला समुद्र कुठला? मीठ करावे तर कशाचे? तेव्हा पुढाऱ्यांनी विचार केला, की आपल्या लोकांना रोज बोचणारा कायदा कोणता? तो होता जंगलाचा. यवतमाळ जिल्हा डोंगरांचा आणि रानाचा. गावाच्या शिवेला लागून राखीव जंगल, त्यात कमरेइतके गवत, आणि गोठ्यात उपाशी बैल. परवान्यावाचून विळा लावला तर गुन्हा. ज्या रानात आज्यापणज्याने गुरे चारली, त्या रानात नातू चोर ठरला. म्हणून ठरले की परवान्यावाचून गवत कापावयाचे आणि कापले म्हणून उघड सांगावयाचे. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या जंगलात बापूजींनी स्वतः गवत कापले. अटक झाली, तुरुंगवास झाला. पन्नाशीला आलेला, नावाजलेला वकील, दिल्लीच्या विधिमंडळात बोलणारा विद्वान. त्याने हाती विळा घेतला आणि मूठभर गवतासाठी तो कैदी झाला.

माउली, त्या तारखेकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. त्या साली आषाढी एकादशी होऊन तीन-चारच दिवस झाले होते. इकडे चंद्रभागेच्या वाळवंटी काल्याची वेळ, आणि इकडे पुसदच्या रानात गवताचा भारा. दोन्हीकडे माणसे घरून निघून आलेली. आणि घरी काय चालले होते? जुलैचा महिना. ज्याला शेती ठाऊक आहे त्याला हा महिना काय तो सांगावयास नको. पऱ्हाटी नुकती उगवून वर आलेली, तण तिच्या मानेपर्यंत चढलेले, डवरा चालवावयाचा, निंदण करावयाचे. ह्या दिवसांत आठ दिवस हात थांबला तर वर्षाचे पीक जाते. अशा दिवसांत जी शेतकरी माणसे सत्याग्रहात गेली, त्यांच्या शेताला डवरा कोणी लावला?

येथे थोडे थांबू या. कारण लढवय्याची गोष्ट सांगताना आपण येथे कधी थांबत नाही. जो उठला त्याचे नाव आपण घेतो. पण तो उठल्यावर ज्यांनी घर धरून ठेवले त्यांचे काय? नवरा तुरुंगात गेला की मागे राहिलेल्या बाईला शिक्षा कोणी सांगत नाही, पण भोगावी तिलाच लागते. सावकार दारी येतो, तो तुरुंगात जात नाही. लेकरू तापाने फणफणते, ते शिक्षा संपण्याची वाट पाहत नाही. सासू-सासऱ्यांचे करणे, गोठ्यातले करणे, शेजाऱ्याचा बैल उसना मागून आणणे, हे सारे जिने केले, तिचे नाव कोणत्या कागदावर आले? सैनिकाचेही तसेच. सीमेवर उभा राहतो तो एक. पण त्याच्या पाठीमागे घराच्या उंबऱ्यावर दुसरे कोणी उभे असते, म्हणून तो तिथे उभा राहू शकतो. तेव्हा घरातल्या लढवय्या वृद्धाचे स्मरण करावयाचे तर पहिली गोष्ट ही, की त्याच्या शेजारी आजीची आठवण मांडावी. आबाजी उठले, हे खरे. आजीने बसून दाखविले, हेही तितकेच खरे. उठणाऱ्याचा त्याग दिसतो; बसून राहणाऱ्याचा दिसत नाही, म्हणून तो कमी होत नाही.

आता कोणी शहाणा विचारील, 'महाराज, मग उठणे म्हणजे घराला उघड्यावर टाकणेच नव्हे काय?' प्रश्न रास्त आहे. ह्याचे उत्तर आमच्या परंपरेत देहूच्या वाण्याने देऊन ठेविले आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती, लोकांकडे येणे होते, कर्जाचे कागद होते. चित्त पांडुरंगी लागल्यावर ते कागद इंद्रायणीत सोडावयाचे त्यांनी ठरविले. परंतु परंपरा सांगते, की त्यांनी सगळे कागद बुडविले नाहीत. आधी वाटणी केली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याच्या हाती ठेवला, आणि आपला अर्धा पाण्यात सोडला. केवढा बारकावा आहे पाहा! सोडावयाचे ते आपले. दुसऱ्याच्या हिश्शाचा त्याग करण्याचा अधिकार संतालाही नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने हे सूत्र उराशी धरावे. त्याग करावा तो आपल्या मानाचा, आपल्या सुखाचा, आपल्या हट्टाचा. बायकोच्या अंगावरचे सोने मोडून, पोराची शाळा तोडून जो त्यागी म्हणवितो, त्याने भावाच्या वाटचे कागद बुडविले म्हणावे.

असो. बापूजींचे दुसरे उठणे पुढे १९३४ साली आले. जातवार निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने जी भूमिका घेतली, ती बापूजींना आणि पंडित मदनमोहन मालवीयांना पटली नाही. ज्या संस्थेसाठी तुरुंग भोगला, वर्षापूर्वी जिचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले, तिच्या वरिष्ठ मंडळातून ते बाजूला झाले आणि दोघांनी निराळा पक्ष उभा केला. त्या प्रश्नात बरोबर कोण होते, ह्याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आम्हाला त्यात पडावयाचे नाही. आमच्या निरूपणापुरते एवढेच, की परक्या सरकारपुढून उठणे एक वेळ सोपे, कारण पाठीशी लोक असतात, गळ्यात हार पडतात. आपल्या माणसांतून उठणे अवघड. तेथे हार पडत नाहीत, बोल लागतात.

आणि तिसरे उठणे १९४३ चे. ते सगळ्यांत लक्षात ठेवावे असे आहे. बापूजी त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशी राहणाऱ्या हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते. महात्माजी पुण्यास आगाखान वाड्यात स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारीस त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. वय त्र्याहत्तर. देश श्वास रोखून बसलेला. सरकारने त्यांना मुक्त करावे असे बापूजींचे म्हणणे पडले; सरकारने ऐकले नाही. तेव्हा बापूजी अणे, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार ह्या तिघांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले.

आता मौज पाहा. बापूजी काही महात्माजींच्या शब्दाला मान डोलावणारे गृहस्थ नव्हते. ते टिळकांच्या तालमीतले. गांधीजींच्या मार्गाशी त्यांचे अनेकदा पटले नाही. देश बेचाळीसच्या लढ्यात उतरला, तेव्हा ते सरकारच्या मंडळात बसलेले होते, आणि त्याबद्दल लोकांनी त्यांना दोषही दिला असेल. पण एक वृद्ध माणूस अन्न सोडून मृत्यूच्या दाराशी बसला आहे, आणि आपण त्याला कोंडणाऱ्यांच्या पंक्तीला बसलो आहोत, हे दिसताच ते पंक्तीतून उठले. मत एक असते तर उठण्यात नवल काय? मत निराळे असून उठले. आपल्या घरी काय होते? भावाशी बांधावरून वाद होतो आणि तो आजारी पडला तरी आपण त्याच्या दारी जात नाही. का? तर 'आधी त्याने यावे'. माउली, ही 'आधी त्याने' नावाची खुर्ची फार जड. व्हाइसरॉयची खुर्ची सोडणारे निघतात, ही सुटत नाही.

येथे कोणी चोखंदळ वाचक आम्हाला अडवील. म्हणेल, 'फेब्रुवारीत उठले, हे ठीक. पण त्याच साली पुढे सिलोनातली नेमणूक घेतलीच ना? राज्यपाल झालेच ना? ऐंशीव्या वर्षी लोकसभेत बसलेच ना? मग हे उठणे कसले?' अडवणे योग्यच आहे, आणि बापूजींच्या काळीही असे म्हणणारे असतील. त्यावर आमचे म्हणणे असे. उठणे म्हणजे कधीच न बसणे नव्हे. दिंडीही दुसऱ्या मुक्कामी बसतेच. सिलोनात हजारो हिंदी मजूर चहाच्या मळ्यांवर राबत होते. त्यांच्या हिताचे काम समोर आले, तेथे ते बसले. १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा १९६२ साली नागपूरच्या मतदारांनी बोलाविले, तेव्हा बसले. १९६२ साली तर कोणत्या पक्षाची छत्री न घेता अपक्ष म्हणून बसले. परीक्षा बसण्याची नसते. ज्या जागी बसलो तेथून वेळ आली तर उठता येईल काय, ही परीक्षा असते. तीत हा वृद्ध उतरलेला होता.

पण एवढ्यानेही गोष्ट पुरी होत नाही. माणसाला असे वारंवार उठता येते ते कशाच्या बळावर? खांबाला दोर नीट बांधला असेल तर माणूस खोल विहिरीतही उतरतो. बापूजींचा खांब कोणता? तो त्यांच्या म्हातारपणी दिसून आला. उतारवयात त्यांनी आपल्या गुरूच्या, लोकमान्यांच्या, चरित्रावर संस्कृतात एक मोठे काव्य रचले. त्याचे नाव 'श्रीतिलकयशोऽर्णवः'. ज्या वयात लोक औषधाच्या वेळा मोजतात त्या वयात हा वृद्ध श्लोकांच्या मात्रा मोजीत होता. टिळक जाऊन तोवर चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. ह्या ग्रंथाला १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यावयास ग्रंथकर्ते ह्या जगात नव्हते. म्हणजे ह्या पुरुषाने पुष्कळ खुर्च्या सोडल्या, पण गुरूच्या पायापाशी मांडलेले पोरपणीचे आसन शेवटपर्यंत सोडले नाही. तेथून ते उठलेच नाहीत. एक जागा पक्की असली म्हणजे बाकीच्या जागा सोडता येतात. वारकरी गळ्यात माळ घालतो ती ह्याचसाठी.

आता आपल्या घराकडे वळू.

१९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतनाची योजना काढली. सहा महिने तुरुंग भोगलेल्यांना ते मिळावे असा साधारण नियम होता. आमच्या जिल्ह्यात कित्येक घरांच्या भिंतींवर ते ताम्रपट लागले. काही घरांत अजून आहेत. पण ज्यांनी तीन महिने भोगले, ज्यांनी माफी न मागता नुसता मार खाल्ला, ज्यांनी सत्याग्रह्यांना रातोरात भाकरी पोचविली, त्यांच्या भिंतीवर काही लागले नाही. तरीही ते नुसते बसून राहिलेले नव्हते. आज त्या पिढीतले जवळजवळ सारे निघून गेले. आता घराघरांत जे वृद्ध आहेत, त्यांत कोणी पलटणीतून आलेला आहे, कोणी गिरणीच्या संपात भुकेला राहिलेला आहे, कोणी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून भावंडे जगविलेला आहे. लढाई प्रत्येकाची निराळी, पण लढलेले सारे.

त्यांच्यापाशी नातवंडांनी बसावे आणि विचारावे. 'आबाजी, तुम्ही काय काय झालात?' हे विचारू नये. ते कागदावर सापडते. 'आबाजी, तुम्ही काय काय सोडलंत, आणि काहून सोडलंत?' असे विचारावे. मग पाहा तो बुढा कसा बोलतो ते. एखादा म्हणेल, धाकट्याच्या शिक्षणासाठी मी शाळा सोडली. एखादी आजी म्हणेल, जावेला पहिलं लेकरू झालं तेव्हा माहेरचा पाळणा मी तिला दिला. इतिहासात ह्याची नोंद नाही, पण ह्याच्यावरच घर उभे आहे. ते मरणापूर्वी ऐकून घ्यावे. तेराव्याला सांगावयास माणसे पुष्कळ असतात. पण ज्याला खरे ठाऊक होते तो तेव्हा बोलत नसतो.

ही झाली लहानांची गोष्ट. आता थोडे वडीलधाऱ्यांना, रागावू नये. घरातली सर्वांत चिवट खुर्ची राज्यपालाची नव्हे; ती कर्त्या पुरुषाची. सातबारा उशाखाली, किल्ली करगोटीला, आणि साठ वर्षांचा मुलगा बियाण्याच्या पैशासाठी ऐंशी वर्षांच्या बापापुढे हात पसरतो. बाप म्हणतो, 'मी आहे तोवर मी पाहतो.' अहो, पाहा ना, पण बाजूला बसून पाहा! ज्याने सैन्य सोडले, तुरुंग सोडला, नोकरी सोडली, त्याला किल्ली सोडता येऊ नये? आपल्या हाताने दिली तर मुलगा पाया पडून घेतो. मेल्यावर करगोट्याची सोडून घ्यावी लागली, तर त्याच किल्लीवरून भाऊ भावाला ओळखत नाही. श्रोतेहो, विचार करा, ह्यांतले कोणते स्मरण आपल्या मागे ठेवावयाचे?

आणखी एक खुर्ची आहे. तिच्याविषयी बोलताना जीभ जड होते, पण यवतमाळ जिल्ह्यात बसून न बोलणे हे पाप होईल. ती खुर्ची अब्रूची. कापसाचे पीक लहरी. कधी पाऊस हुकतो, कधी भाव पडतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडेच्या बोंडे पोखरून टाकली. कर्ज वाढते. आणि कर्ता पुरुष कोणाला काही न सांगता एकटा बसून राहतो. 'लोक काय म्हणतील' ह्या पाटावर तो असा खिळतो, की त्याला जग सोडवते पण तो पाट सोडवत नाही. ह्या जिल्ह्याने अशी किती घरे पाहिली ते सांगत नाही. ज्याच्या गावात झाले त्याला ठाऊक आहे. अशा वेळी घरातल्या लढलेल्या वृद्धाने गप्प बसू नये. आपल्या शौर्याच्या गोष्टी त्याने पुष्कळ सांगितल्या. आता पडलेल्या दिवसांची गोष्ट सांगावी. 'पोरा, मीही एकदा असाच पडलो होतो. तोंड लपवून बसलो होतो. मग तुझ्या आजीनं हात धरून उठवलं.' एवढे एक वाक्य बापाच्या किंवा आज्याच्या तोंडून निघाले, तर कर्ज फिटणार नाही, पण माणूस राहील. आणि माणूस राहिला तर कर्जाचे पाहता येईल. आपल्या भाषेने 'उठणे' हा शब्द दोन अर्थी ठेवला आहे. मानावरून उठणे तेही उठणे, आणि पडल्यावर उठणे तेही उठणेच. ज्याला पहिले जमते त्याला दुसरे जमते. अब्रूची खुर्ची सोडून शेजाऱ्याला, सोयऱ्याला, दिंडीतल्या सोबत्याला 'माझे अडले आहे' म्हणून सांगणे, ह्यात हार नाही. आणि सांगणाऱ्याकडे पाठ फिरविणाऱ्याने माळ घालून मिरवू नये.

स्मरणाची आणखी एक रीत आपल्या घरांत आहे. आज्याचे नाव नातवाला ठेवतात. बापूजींच्या वडिलांचे नाव श्रीहरी. बापूजींच्या नातवाचेही नाव श्रीहरी. हे श्रीहरी अणे पुढे महाराष्ट्र राज्याचे महाधिवक्ता झाले, आणि विदर्भाच्या प्रश्नावरील आपल्या मतावरून वादंग माजले तेव्हा २०१६ च्या मार्चमध्ये ते पदावरून पायउतार झाले. ते मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. तो विषय येथला नव्हे. एवढेच पाहावे, की घरात नाव दिले जाते त्याबरोबर कधी कधी सवयही दिली जाते. यवतमाळात बापूजींच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलींना कोणी तरी सांगावे, की बाई, हे नाव दगडात कोरले आहे ते माणूस कोठे कोठे बसला म्हणून कोरले असेल, पण वाचताना तो कोठून कोठून उठला हे आठवून वाच.

आता समाप्तीकडे येऊ. बसण्या-उठण्याचा हा विचार चालला असता एक गोष्ट सहज ध्यानी येते. आमचा देव बसलेला नाही. पुष्कळ देव सिंहासनावर बसले आहेत, शेषावर पहुडले आहेत. हा पंढरीचा राणा विटेवर उभा आहे. का उभा? तर दारी देव आला तेव्हा पुंडलिक घरात म्हाताऱ्या आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने वीट पुढे केली आणि म्हणाला, थांबा. साक्षात भगवंत आला तरी पुंडलिक आईबापांपासून उठला नाही, आणि पुंडलिकासाठी भगवंत उभा राहिला तो अजून बसला नाही. सगळ्या जागा सोडाव्यात, पण कोणती जागा सोडू नये, तेही ह्या कथेत आले. म्हाताऱ्या आईबापांच्या पायापाशी बसण्याची जागा सोडू नये. ती जागा ज्याने धरली, त्याच्या दारी देव वाट पाहत उभा राहतो.

म्हणून विनंती एवढीच. ज्या घरातून असा वृद्ध निघून गेला असेल, त्यांनी त्याच्या उठण्याची यादी आज रात्री मुलांना सांगावी. आजीचे नाव त्यात विसरू नये. आणि ज्या घरात असा वृद्ध अजून खाटेवर बसलेला असेल, त्यांनी हे पान मिटून ठेवावे आणि त्याच्या पायापाशी जाऊन बसावे. बोलता येत असेल तर बोलते करावे. बोलता येत नसेल तर नुसते पाय चेपावेत.

पुंडलिकवरदा हरिविठ्ठल. रामकृष्णहरी.